अल्फा ते जीए: सॉफ्टवेअरच्या टप्प्यांची पार्श्वभूमी

आयबीएममध्ये १९५० च्या दशकात नवं यंत्र तीन चाचण्यांतून जायचं. घोषणेआधी ए, कारखान्यात उत्पादन सुरू करण्याआधी बी आणि सर्व ग्राहकांसाठी खुलं करण्याआधी (या टप्प्याला आज जीए, म्हणजे जनरल अव्हेलेबिलिटी म्हणतात) सी. प्रत्येक चाचणीमागे पैशांचा निर्णय होता, कारण उत्पादन सुरू झाल्यावर चूक सापडली तर तयार मालच भंगारात. हीच पद्धत पुढे सॉफ्टवेअरला लागली. साठच्या दशकात आयबीएमने ही नावं सोडली, पण तोवर ए-बीची 'अल्फा' आणि 'बीटा' ही रूपं उद्योगभर रुजली होती. ग्राहकाकडे होणाऱ्या चाचणीला मात्र आयबीएम 'फील्ड टेस्ट' म्हणे. आज आपण त्यालाच बीटा म्हणतो.

टप्पा ओळखायचा तो काय गोठलं आहे यावरून. अल्फात फीचर येतात-जातात. बीटात फीचर फ्रीझ, म्हणजे नवं फीचर बंद, फक्त दुरुस्त्या. पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा हे काटेकोर पाळते: साधारण सात अल्फा, चार बीटा, दोन-तीन आरसी, आणि पहिल्या बीटानंतर नवं फीचर नाही. आरसी, म्हणजे रिलीज कँडिडेट, ही गंभीर दोष न सापडल्यास जशीच्या तशी बाहेर जाणारी प्रत. 'आरसीत एवढं एक फीचर घालू या' असं कोणी म्हटलं, तर टीम अजून बीटातच आहे. लिनक्स कर्नलचा, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा, हिशेब वेगळा. तिथे दोन आठवडे नवा कोड घेतला की लगेच आरसी१ निघतो आणि साधारण दर आठवड्याला एक असं आरसी७-८ पर्यंत चालतं. तिथला आरसी१ इतरांच्या बीटाजवळचा.

सीडीच्या काळात आरसीनंतर 'गोल्ड मास्टर' किंवा आरटीएम येई, म्हणजे छपाईला दिलेली प्रत. विंडोज ९५ चं आरटीएम १४ जुलै १९९५ ला झालं, दुकानात ते २४ ऑगस्टला आलं. मधले सहा आठवडे सीडी-फ्लॉपी काढणं, खोकी भरणं, पोचवणं यांचे. इंटरनेटने हे अंतर मिटवलं आणि शिस्तही सैल केली. जीमेल १ एप्रिल २००४ ला बीटा म्हणून आलं. ती पाटी ७ जुलै २००९ ला उतरली. पाच वर्षं! तेव्हा बीटा म्हणजे जबाबदारी टाळण्याची सोय झाली होती, असंच म्हणावं लागतं.

मुंबईतल्या बँकांच्या आयटीत अल्फा-बीटा फारसं ऐकू येत नाही. तिथे एसआयटी (सगळे भाग जोडून केलेली चाचणी), यूएटी (वापरणाऱ्यांनी केलेली चाचणी), साइन-ऑफ (लेखी मंजुरी), मग सीयूजी (क्लोज्ड यूजर ग्रुप, मर्यादित गट) म्हणजे बहुधा बँकेचेच कर्मचारी, आणि शेवटी गो-लाइव्ह. पैशांच्या व्यवहारात 'बीटा आहे, सांभाळून घ्या' चालत नाही, म्हणून शब्द 'पायलट'. यूपीआयचा पायलट ११ एप्रिल २०१६ ला मुंबईत, रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते, २१ बँकांसह सुरू झाला. बँकांची ॲप प्ले स्टोअरवर यायला २५ ऑगस्ट उजाडला.

आवृत्तीचा क्रमांक लिहितानाही गफलत होते. सेमॅंटिक व्हर्जनिंग या क्रमांक देण्याच्या प्रचलित नियमांत 'बीटा' आणि आकडा यांच्यामध्ये टिंब हवं. टिंब असेल तर आकडा आकडा म्हणून मोजला जातो आणि ११ हा २ नंतर येतो. टिंब नसेल तर अक्षरांसारखी तुलना होते आणि बीटा११ हा बीटा२ च्या आधी लागतो. मग टूल जुनीच प्रत नवी समजून उचलतं.

प्ले स्टोअरवर आता जीएसुद्धा हप्त्यांनी होतं: आधी समजा ५ टक्के वापरकर्ते, मग २०, मग सगळे. दोष दिसला तर हे वाटप (रोलआउट) थांबवता येतं, पण ज्यांच्या फोनवर नवी प्रत गेली त्यांना जुनी परत मिळत नाही. जुनाच कोड वाढीव व्हर्जन कोड (आवृत्तीचा वाढत जाणारा अंतर्गत आकडा) देऊन पुन्हा सोडावा लागतो. मधल्या काळात ॲपने फोनवरच्या डेटाबेसची रचना बदलली असेल, तर त्या जुन्या कोडला नवा डेटा वाचता येत नाही आणि ॲप उघडताच बंद पडतं. म्हणून रचनेतला बदल एक रिलीज आधी, दोन्ही प्रतींना चालेल असा पाठवायचा आणि डेटाबेसमधला जुना कॉलम (रकाना) पुढच्या रिलीजमध्ये काढायचा.