पारा धुऊन जात नाही

मासे आणले की हळद-मीठ लावून दोन-तीन पाण्यांतून काढायचे, ही आपली रीत. त्याने वास जातो, पाऱ्याचं मात्र काहीच बिघडत नाही. माशात असतो तो बहुतांशी मिथाइल पारा. तो स्नायूंतल्या प्रथिनांना, नेमकं सांगायचं तर त्यांतल्या गंधकाला, घट्ट चिकटतो. चरबीबरोबर तो कापून टाकता येत नाही आणि तळून उडवताही येत नाही.

साध्या पाऱ्याला हे रूप देतात मुख्यतः ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू. मग प्लवकांतून, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांतून, छोट्या माशात, त्याच्यातून मोठ्यात असा तो चढत जातो. अंगात शिरतो झपाट्याने, निघतो रेंगाळत. माणसाच्या शरीरातूनही निम्मा जायला दीड-दोन महिने लागतात. म्हणून मासा काय खाऊन किती वर्षं जगला, हे आधी बघायचं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या आकडेवारीत तारलीच्या जातभाईंमध्ये किलोमागे सरासरी ०.०१३ मिलिग्रॅम पारा आहे, शार्कमध्ये ०.९८. पंचाहत्तर पट! कोकणात बाळंतिणीला मोरी देतात, म्हणजे शार्कच. ती बहुधा लहान असते, त्यामुळे हा आकडा तिला जसाच्या तसा लागू नाही. तरी मला विचाराल तर तारली किंवा बांगडा बरा.

जपानच्या मिनामाता उपसागरात चिस्सो कंपनीच्या कारखान्याचं पारा असलेलं सांडपाणी जात असे. तिथल्या आजाराची अधिकृत नोंद १९५६ची. मांजरं त्याआधीच झिंगत मरू लागली होती. वार, म्हणजे गर्भाला आईशी जोडणारा अवयव, विषाला अडवते असा तेव्हा डॉक्टरांचा समज होता. तो खोटा ठरला: आईला फारशी लक्षणं नसताना मुलं मेंदूला इजा घेऊन जन्मली.

कॅडमियम या दुसऱ्या विषारी धातूची तऱ्हा निराळी. माकलात, म्हणजे स्क्विडमध्ये, ते साठतं मुख्यतः पाचकग्रंथीत. भारतातून गेलेला माल युरोपने याच कारणाने परतही पाठवला आहे. ग्रंथी न फोडता पोटातलं सगळं काढलं तर बरंचसं कॅडमियम निघून जातं. साफ न करता गोठवलं तर ते मांसात झिरपतं. चिंबोरीचंही तसंच. युरोपची कॅडमियमची मर्यादा नांग्या-पायांतल्या पांढऱ्या मांसापुरती आहे. कवचातला तपकिरी ऐवज, जो आपण आवडीने चोखतो, तिच्यात मोडतच नाही.

तपासणीत आर्सेनिकचा मोठा आकडा दिसला तर मात्र लगेच दचकू नका. समुद्री माशांत ते बहुतेक आर्सेनोबिटेन या निरुपद्रवी मानल्या जाणाऱ्या रूपात असतं, आणि ते लघवीवाटे जवळपास जसंच्या तसं बाहेर पडतं.