लकव्यानंतर घरी आल्यावर: रुग्णाच्या घरच्यांसाठी माहितीपत्रक

डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी एक ओळ असते, ‘फिजिओथेरपी सुरू ठेवावी’. किती, कोणती आणि कधीपर्यंत, हे त्या ओळीत नसतं. आमच्या फिजिओथेरपी केंद्रात येणारी कुटुंबं नेमकं हेच विचारतात. तोवर शेजारी, पाहुणे आणि यूट्यूब यांच्याकडून त्यांना दहा वेगवेगळी उत्तरं मिळालेली असतात. गेल्या पंधरा-वीस वर्षांत या विषयावर चांगलं संशोधन झालं आहे. त्यातलं तुमच्या उपयोगाचं तेवढं इथे देत आहोत. फी भरण्याआधी हे वाचा आणि शंका असेल तिथे आम्हाला विचारा.

पहिले तीन महिने

लकव्यात मेंदूचा जो भाग निकामी होतो तो पुन्हा तयार होत नाही. पण आजूबाजूचा शाबूत भाग त्याचं काही काम शिकून घेऊ शकतो, आणि झटक्यानंतरचे काही आठवडे तो शिकायला विशेष तयार असतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हे आधीच दिसलं होतं. माणसांबद्दलचा चांगला पुरावा २०२१ साली अमेरिकेतून, वॉशिंग्टनहून आला. तिथे ७२ रुग्णांचे गट पाडले. नेहमीच्या उपचारांखेरीज हाताचा २० तासांचा जादा सराव एका गटाला पहिल्या महिन्यात दिला, दुसऱ्याला दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, तिसऱ्याला सहा महिने उलटल्यावर, आणि चौथ्याला दिलाच नाही. वर्षाअखेरीस सगळ्यात जास्त फायदा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातल्या गटाला झालेला दिसला. पहिल्या महिन्यातल्यांना त्याहून थोडा कमी झाला. सहा महिन्यांनंतर तेवढाच सराव केलेल्यांत आणि जादा सराव न मिळालेल्यांत मात्र फरक दिसला नाही.

म्हणूनच ‘आधी त्या गावचं औषध घेऊन बघू, मग महिनाभर मालिश, नाहीच झालं तर फिजिओ’ हा क्रम पाहिला की आम्हाला फार वाईट वाटतं. मालिशने रुग्णाला बरं वाटतं, ती करायला आमची हरकत नाही. पण अडचण स्नायूत नसते. मेंदूकडून स्नायूला मिळणारा हुकूम तुटलेला असतो, आणि तो तेलाने जुळत नाही.

घाईलाही हद्द आहे. ऑस्ट्रेलियातून सुरू झालेल्या आणि पाच देशांत मिळून २,१०४ रुग्णांवर केलेल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या २४ तासांतच रुग्णाला उठवून बसवायला, चालवायला आणि तेही पुष्कळदा करायला सुरुवात केली होती. २०१५ साली निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी अशा रुग्णांपैकी ४६ टक्क्यांची स्थिती चांगली होती, तर नेहमीच्या पद्धतीने हळूहळू उठवलेल्यांपैकी ५० टक्क्यांची. तेव्हा दवाखान्यात पहिल्याच दिवशी ‘अजून उभं का करत नाही?’ म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका. आणि घरी आल्यावर ‘आराम पडू दे’ म्हणून महिनाभर खाटेवरही ठेवू नका.

सराव कशाचा

घरोघरी दिसणारा व्यायाम असा असतो: रुग्ण पडून टीव्ही बघतो आणि कोणीतरी त्याचा हात वर-खाली करत असतं. त्याने सांधे मोकळे राहतात, तेवढ्यापुरतं ते गरजेचं आहे. पण त्यात मेंदू काही शिकत नाही. हालचाल रुग्णाच्या स्वतःच्या प्रयत्नातून, कामाच्या वस्तूवर आणि पुन्हापुन्हा व्हावी लागते.

किती वेळा? अमेरिका आणि कॅनडातल्या फिजिओच्या ३१२ सेशन बसून मोजल्या गेल्या, तेव्हा ज्या सेशनमध्ये हाताने प्रत्यक्ष काम करायचा सराव होता तिथेही तो सरासरी ३२ वेळाच होत होता. पुढे त्याच संशोधकांनी दाखवलं की नीट आखणी केली तर तासाभरात ३०० वेळा होऊ शकतं. मात्र आकडा गाठला म्हणजे झालं, असंही नाही. जुन्या लकव्याच्या ८५ रुग्णांवर त्यांनी हजारो आवर्तनांचे कमी-जास्त डोस देऊन पाहिले, तेव्हा जास्त आकड्याच्या गटाला ठळक जास्त फायदा मिळाला नाही. आमचं मत असं की काम रुग्णाला जेमतेम जमेल इतकं अवघड हवं, आणि जमायला लागलं की लगेच बदलायला हवं.

उदाहरणार्थ, ताटात शेंगदाणे आणि वाटाणे एकत्र करायचे आणि दुबळ्या हाताने वेगळे करायचे. सुरुवातीला चिमटीत दाणा येतच नाही, तळव्याने ओढून कडेला आणावा लागतो. ते जमलं की चिमूट. चिमूट जमली की वाटी टेबलावर थोडी लांब ठेवायची, म्हणजे कोपर सरळ करावं लागतं. मग वाटी फळीवर, म्हणजे खांदा उचलावा लागतो. कपडे वाळत घालायचे चिमटे, डब्याचं झाकण, सदऱ्याची बटणं, फुलवाती, सगळं चालतं. ज्या काकू पोळ्या करायच्या त्यांना पोळपाट द्या. रबरी चेंडू दाबत बसण्यावर आमचा भर नाही, कारण बहुतेकांची खरी अडचण मूठ वळण्याची नसून उघडण्याची असते.

हात अजिबात हलत नसेल तर आरसा वापरून बघता येतो. मांडीसमोर दोन्ही हातांच्या मध्ये आरसा उभा धरून दुबळा हात त्याच्या मागे ठेवायचा आणि चांगल्या हाताचं प्रतिबिंब बघत दोन्ही हातांनी हालचाल करायचा प्रयत्न करायचा. ६२ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ साली निघाला, त्यात याचा फायदा दिसला. खर्च काहीच नाही.

खांदा सांभाळा

हे वाचून बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण हा भाग लक्षात ठेवा. खांद्याचा गोळा त्याच्या खोबणीत मुख्यतः स्नायूंनी धरलेला असतो. स्नायू लुळे पडले की हाताच्या वजनाने तो खाली सरकतो. बोटाने चाचपलं तर हाडाच्या टोकाखाली खळगा लागतो. अशा वेळी काखेत हात घालून किंवा दंड ओढून उठवलं की खांदा दुखायला लागतो, आणि दुखरा खांदा घेऊन पुढचा सराव होत नाही. उठवताना कमरेला रुंद पट्टा बांधून तिथे धरा. बसल्यावर हात उशीवर टेकवा, लोंबकळू देऊ नका. सदरा घालताना आधी दुबळा हात, काढताना तो शेवटी.

दाराला अडकवायची दोरी आणि कप्पी मेडिकलच्या दुकानात सर्रास मिळते. चांगल्या हाताने दोरी ओढून दुबळा हात वर नेतात. लकव्याच्या रुग्णासाठी ती घेऊ नका. २०१६ च्या अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही कप्पीचा हा व्यायाम टाळायला सांगितलं आहे.

महागडी यंत्रं

‘तुमच्याकडे रोबो आहे का?’ असं आता विचारतात. नाही. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर रोबोच्या साह्याने हाताचा व्यायाम करून पाहिला. २०१९ मध्ये निष्कर्ष आला की हाताच्या कामात नेहमीच्या उपचारांपेक्षा रोबोने जास्त सुधारणा झाली नाही. चालण्याचंही तसंच. शरीराचं वजन पट्ट्याने उचलून ट्रेडमिलवर चालवणं आणि फिजिओने घरी येऊन ताकद व तोल यांचे व्यायाम घेणं, यांची ४०८ रुग्णांत तुलना झाली. २०११ चा हा अभ्यास. दोन्ही गट वर्षअखेरीस सारखेच सुधारले होते. उधारी काढून मोठ्या शहरात जाण्याआधी हे माहीत असावं.

घरच्यांनीच केलं तर?

हा प्रश्न आपल्या देशात तपासला गेला आहे. भारतातल्या १४ हॉस्पिटलांत १,२५० रुग्ण घेऊन, एका गटाच्या नातेवाइकांना शिकवून त्यांच्याकडूनच घरी व्यायाम करून घेतला; दुसऱ्या गटाला नेहमीचेच उपचार दिले. २०१७ साली निकाल आला. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मृत किंवा परावलंबी असलेल्यांचं प्रमाण सारखंच होतं, ४७ टक्के. घरच्यांनी जीव ओतला होता, यात शंका नाही. पण काम कधी अवघड करायचं, चुकीची हालचाल कुठे पक्की होते आहे, हे ओळखायला प्रशिक्षित नजर लागते. म्हणून आमची पद्धत अशी: आखणी आणि तपासणी फिजिओची, रोजचा सराव घरच्यांबरोबर. दर आठवड्याला कामं बदलतात. बदलली नाहीत तर आम्हाला जाब विचारा.

वर्ष उलटून गेलं असेल तर

दार बंद झालेलं नाही, पण सराव बराच जास्त लागतो. लंडनमध्ये क्वीन स्क्वेअरच्या मेंदूविकारांच्या हॉस्पिटलात तीन आठवड्यांत ९० तासांचा हाताचा कार्यक्रम चालतो. तिथल्या २२४ रुग्णांपैकी निम्म्यांना झटका येऊन दीड वर्ष किंवा त्याहून जास्त झालं होतं. तरीही हात सुधारला आणि सहा महिन्यांनी तपासलं तेव्हा ती सुधारणा टिकलेली होती. आठवड्यातून दोनदा अर्धा तास येऊन तेवढंच मिळेल, असं आम्ही तुम्हाला सांगणार नाही.

पहिल्या भेटीला डिस्चार्ज कार्ड, सिटी स्कॅन किंवा एमआरआयचा रिपोर्ट, चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि आठवडाभराचे बीपीचे आकडे काढून ठेवा. रुग्ण आधी कोणत्या हाताने जेवत होता, दिवसभर काय करत होता, हेही सांगा. सरावाची कामं त्यावरून ठरतात. आणि चेहरा वाकडा होणं, हातातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं यातलं काहीही नव्याने दिसलं तर आम्हाला फोन करू नका. १०८ ला करा. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं.