मातीढिगारे, कोळसाखाणींचे

उघड्या खाणीत कोळशाच्या थरावरची माती व खडक उपसून रचलेले ढीग. खाणीवर त्यांना ‘ओबी डंप’ (ओबी म्हणजे ओव्हरबर्डन, कोळशावरचा भार) म्हणतात. विदर्भात ते वर्धा खोऱ्यात (वणी, माजरी, घुग्घुस, राजुरा, चंद्रपूर), तसेच उमरेड व कामठी क्षेत्रांत आहेत.

प्रारंभ : वर्धा खोऱ्यातील जुनी मोठी खाण वरोऱ्याची. ती १८७० च्या दशकाच्या आरंभी सुरू होऊन १९०६ मध्ये बंद झाली, असे सामान्यतः मानतात. चाचणीची खोदाई धरायची की नियमित उत्पादन, यानुसार आरंभवर्ष थोडे मागेपुढे होते. ती भुयारी असल्याने तिच्यापाशी मोठे ढिगारे होण्याचे कारण नव्हते. आजचे ढिगारे मुख्यतः १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर उघड्या खाणी वाढल्या तेव्हाचे दिसतात. (भुयारी खाणींचा धोका जमीन खचण्याचा, घुग्घुसला ऑगस्ट २०२२ मध्ये एक राहते घर असेच जमिनीत गेले.)

रचना : वरून खाली काळी माती, पिवळी माती, कामठी वालुकाश्म व त्याखाली कोळसा असलेला बराकर शैलसमूह, असा साधारण क्रम. सुटा झालेला खडक मूळ आकारमानापेक्षा सुमारे पाव हिश्शाने फुगतो. म्हणून खड्डा पूर्ण भरला तरी माती उरते. पर्यावरण मंजुरीत सामान्यतः एका टप्प्याची उंची ३० मी. पर्यंत व एकंदर उतार २८ अंशांपर्यंत ठेवण्याची अट असते. पायथ्याशी दगडी भिंत आणि भोवती गाळ बसवणाऱ्या हौदापर्यंत नेलेली चर आवश्यक असते.

ढिगारा घसरण्याचे या भागातील नेहमीचे कारण काळी माती होय. ती वरची असल्याने सर्वांत आधी निघते आणि वेगळी साठवली नाही, तर ढिगाऱ्याच्या तळाशी जाते. पावसात ती फुगते, तिचे घर्षण घटते व वरचा खडक तिच्यावरून सरकतो. उतार नियमात असूनही असे घडते. केवळ अंश मोजणे त्यामुळे अपुरे ठरते. हीच माती शेवटी माथ्यावर पसरायला हवी असते, तेव्हा नुकसान दुहेरी.

पाण्यावरील परिणाम : ढिगाऱ्यातील पायराइटला (लोह व गंधकाचे खनिज) हवा व पाणी मिळाले की सल्फ्यूरिक आम्ल तयार होते. तथापि येथील गोंडवन कोळशात गंधक सहसा एक टक्क्याहून कमी असते आणि खडकातील कार्बोनेट काही आम्ल शमवते. त्यामुळे आम्लजल ही सार्वत्रिक समस्या नसून काही खाणींपुरती आहे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पाण्याचा जडपणा व सल्फेट मात्र सामू (पीएच) उदासीन असतानाही वाढू शकतात. नुसता सामू तपासून पाणी निर्दोष ठरवू नये. विहिरी आटण्याला ढिगाऱ्यापेक्षा खड्डा जबाबदार असतो. कामठी वालुकाश्म हा येथील प्रमुख जलधर थर. तो कापला गेला की पाणी खाणीत उतरते. ढिगाऱ्याचा गाळ नाल्यांतून इरई, वर्धा यांसारख्या नद्यांत जातो, पात्र उथळ होते आणि पूर शेतात लवकर शिरतो.

आग : कोळसामिश्रित शेल (पापुद्र्यांचा मातकट खडक) सैल टाकल्यास आत हवा खेळते व तो आपोआप तापतो. धूर दिसला की नुसते पाणी मारणे पुरत नाही. तो भाग उकरून, थंड करून मातीने दाबावा लागतो.

शेती व वस्ती : धूळ फुटलेल्या बोंडावर बसून कापूस काळवंडतो व त्याची प्रत उतरते. झुडपे वाढलेल्या जुन्या ढिगाऱ्यांत रानडुकरे राहतात, क्वचित बिबटेही. बरीच जमीन १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र संपादन कायद्याने घेतलेली आहे. खाण संपल्यावर ती मूळ शेतकऱ्याला परत देण्याची तरतूद त्यात नाही.