एक फोन, एक पत्ता आणि अनेक संगणक

डायल-अपच्या काळात, म्हणजे फोन लावून इंटरनेटला जोडलं जायचं तेव्हा, फोनची लाइन एक असायची आणि इंटरनेटवर मिळणारा आयपी पत्ताही एकच. संगणक मात्र चार. अशा वेळी जुन्या, बाजूला पडलेल्या मशीनवर लिनक्स किंवा फ्रीबीएसडीसारखी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची, त्याला एकीकडून मॉडेम आणि दुसरीकडून आतल्या संगणकांसाठी इथरनेट कार्ड जोडायचं, आणि बाकीच्यांची वाट त्यातून काढून द्यायची. झाला गेटवे.

फोन लावण्याचं काम 'चॅट' हा इवलासा प्रोग्रॅम करतो. त्याची स्क्रिप्ट म्हणजे सरळ संभाषण: 'एटीडीटी' (मॉडेमला फोन लावायला सांगणारी आज्ञा) आणि नंबर पाठव, 'कनेक्ट' येईपर्यंत थांब, 'बिझी' आलं तर सोडून दे. लाइन जुळली की पीपीपीडी, म्हणजे फोनलाइनवरून इंटरनेटचा संवाद चालवणारा प्रोग्रॅम, सूत्रं हाती घेतो, पलीकडच्या टोकाशी ओळख पटवतो आणि पत्ता मिळवतो.

एवढं करूनही बाकीचे संगणक अडकलेलेच राहतात, कारण कर्नेलमधला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला) आयपी फॉरवर्डिंगचा, म्हणजे दुसऱ्यांचा डेटा पुढे पाठवण्याचा स्विच सहसा बंद असतो. तो आधी चालू करा.

आता खरी कमाल. आतल्या संगणकांना १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते देतात. ते खासगी वापरासाठी राखीव असल्यामुळे बाहेरून त्यांना उत्तर येऊच शकत नाही. समजा १९२.१६८.१.५ ने आपल्या १०३७ क्रमांकाच्या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे संगणकातला कुठला संवाद ते सांगणारा आकडा) एक पॅकेट, म्हणजे डेटाचा एक तुकडा, धाडलं. गेटवे त्यावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता खोडून स्वतःचा घालतो, पोर्ट बदलून ६१००४ करतो आणि ही जोडी एका तक्त्यात टिपून ठेवतो. उत्तर ६१००४ वर आलं की तक्ता बघून ते मूळ मालकाकडे पोचतं. लिनक्सवाले याला मास्करेडिंग म्हणतात. बाहेरच्या सर्व्हरला आणि आतल्या संगणकाला याची चाहूलही लागत नाही. मला ही युक्ती आजही विलक्षण सुंदर वाटते. एफटीपी (फाइली पाठवण्याची पद्धत) मात्र इथे अडखळतं: ते आपला पत्ता पॅकेटच्या आतल्या मजकुरातही लिहितं, म्हणून त्यासाठी कर्नेलला वेगळं मॉड्यूल (जोडभाग) लागतं.

लाइनचा वेगही सांभाळावा लागतो. ३३.६ किलोबिटच्या लाइनवर १५०० बाइटचं पॅकेट जायला सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त वेळ लागतो. कुणी मोठी फाइल पाठवत असेल, तर टेलनेटवर, म्हणजे दूरच्या संगणकावर, टाइप करणाऱ्याचं प्रत्येक अक्षर तिच्या पॅकेटमागे तिष्ठत राहतं. पॅकेटची मर्यादा ५७६ वर आणली की हा खोळंबा साधारण ०.१४ सेकंदांवर येतो.

पीपीपीडीला 'डिमांड' हा पर्याय दिला, तर पॅकेट आलं की तो आपणहून फोन लावतो. 'आयडल ३००' दिलं, तर पाच मिनिटं शांतता राहिली की लाइन तोडतो. फोनचं बिल मिनिटांवर असेल, तर हे फार मोलाचं. पण कुणी काहीच करत नसताना मध्यरात्री मॉडेम ओरडू लागला, तर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्रॅम) लावून बघा. बहुतेक वेळा एखादा संगणक शेजारच्याच मशीनचं नाव डीएनएसला (नावावरून पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेला) विचारत असतो. आतली सगळी नावं गेटवेवरच्या नेमसर्व्हरमध्ये (अशा प्रश्नांना उत्तर देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) भरून ठेवा, म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर फोन न लावताच मिळेल.