एक्स निष्क्रियता आणि जनुकीय ठसा: कोणती प्रत बंद, हे ठरतं कसं?

जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बंद ठेवण्याच्या दोन वेगळ्या रीती सस्तन प्राण्यांत आढळतात. एक म्हणजे माद्यांमधली एक्स गुणसूत्राची निष्क्रियता, दुसरी जनुकीय ठसा. दोन्हींत डीएनएचा मजकूर बदलत नाही आणि दोन्हींत मिथाइल गटांच्या (डीएनएला चिकटणाऱ्या छोट्या रासायनिक गटांच्या) खुणा असतात, म्हणून अभ्यास करताना त्यांची हमखास गल्लत होते. पण बंद होणारी प्रत आईकडची की बापाकडची, हे विचारलं की दोघींचा मार्ग वेगळा होतो.

एक्सच्या बाबतीत उत्तर आहे: कोणतीही. १९४९ मध्ये बार आणि बर्ट्रॅम यांना मांजरींच्या चेतापेशींत एक गडद ठिपका दिसला. बोक्यांच्या पेशींत तो नव्हता. हा ठिपका म्हणजेच बंद पडलेलं एक्स, हे पुढे कळलं. १९६१ मध्ये मेरी लायन यांनी उंदरांच्या चट्ट्यापट्ट्यांच्या फरवरून मांडलं, की कोवळ्या भ्रूणातली प्रत्येक पेशी आपल्या दोनपैकी एक एक्स यदृच्छया बंद करते आणि तिच्यापासून झालेल्या सगळ्या पेशी तीच निवड पुढे चालवतात. बंद होणाऱ्या एक्सवरचं एक्सआयएसटी जनुक एक आरएनए बनवतं आणि तो त्याच गुणसूत्रावर पसरतो. (सगळंच गप्प होत नाही, माणसात या एक्सवरची सुमारे १५ टक्के जनुकं चालूच राहतात.) तीनरंगी मांजरीचे काळे आणि नारिंगी ठिपके याच निवडीतून येतात, पांढरा रंग मात्र वेगळ्या जनुकाचा. म्हणजे प्रत्येक स्त्री दोन प्रकारच्या पेशींनी मिळून बनलेली असते. मला जीवशास्त्रातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

जनुकीय ठशात यदृच्छेला जागाच नाही. बीजांड किंवा शुक्राणू तयार होतानाच, कोणाकडची प्रत बंद राहील याची खूण जनुकावर लागते, मुलगा असो वा मुलगी. इथे अख्खं गुणसूत्र नाही, निवडक जनुकं बंद होतात. आयजीएफ२ हे वाढीचं जनुक बहुतेक ऊतींत फक्त बापाकडचं चालतं. १५ व्या गुणसूत्राचा एक ठरावीक तुकडा बापाकडून आलेल्या प्रतीत गळला, तर प्रॅडर-विली सिंड्रोम होतो: तान्हेपणी स्नायू ढिले, पुढे न शमणारी भूक. तोच तुकडा आईकडच्या प्रतीत गळला, तर अँजेलमन सिंड्रोम होतो: बोलणं जवळजवळ नाही, झटके, तोल सांभाळता न येणं.

गोंधळ वाढवायला निसर्गाने एक मधली वाटही ठेवली आहे. कांगारूंच्या माद्यांत बंद होतं ते बापाकडचंच एक्स; उंदराच्या वारेतही तसंच. तिथे एक्स निष्क्रियतेलाच ठशाचा नियम लागू होतो. माणसाच्या शरीरात मात्र एक्सची निवड यदृच्छयाच होते.

दवाखान्यात हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. हिमोफिलिया ए या रक्त नीट न गोठण्याच्या आजाराचा दोष एक्सवर असतो; त्याच्या वाहक मुलीला 'तुला काही होणार नाही' असं सांगून परत पाठवणं चूक आहे. सदोष एक्स वडिलांकडून आलं की आईकडून, याने तिच्या रक्तस्रावाचा धोका ठरत नाही. तिच्या घटक ८ (रक्त गोठवायला लागणारं प्रथिन) बनवणाऱ्या पेशींपैकी किती पेशींनी निरोगी एक्स बंद केलं, यावर पुष्कळ काही अवलंबून असतं. दोन सख्ख्या बहिणी एकाच दोषाच्या वाहक असल्या, तरी एकीला काहीच त्रास नसेल आणि दुसरीला दात काढल्यावर किंवा बाळंतपणानंतर रक्त थांबता थांबणार नाही. म्हणून शस्त्रक्रियेआधी आणि गरोदरपणात प्रत्येकीच्या रक्तातली घटकाची पातळी मोजूनच घ्यायला हवी.