ठासणीच्या बंदुकीची दुसरी गोळी

ठासणीच्या, म्हणजे दारू-गोळी तोंडातून भरायच्या, रायफलीत पहिली गोळी भरताना ठासायचा गज सरसर तळाला जातो. दुसऱ्या वेळी तो मध्येच किंचित अडतो. चौथ्या-पाचव्या वेळी दोन्ही हातांनी जोर लावावा लागतो, आणि मधे नळी पुसली नाही तर कधीतरी गोळी अर्ध्यावर रुतून बसते, ना खाली जात ना वर येत. शिकारीसाठी रायफल लावून घेणं, म्हणजे तिचा नेम जुळवणं, आणि मैदानावर एकामागून एक बार काढण्यासाठी ती लावून घेणं ही दोन वेगळी कामं का आहेत, हे कळायला या अडणाऱ्या गजाच्या मागे जावं लागतं. पार पाचशे वर्षं मागे.

दोष काळ्या दारूचा. सोरा ७५ भाग, कोळसा १५, गंधक १०, हे तिचं सर्वमान्य प्रमाण. १८७०च्या दशकात अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबल यांनी ही दारू बंद भांड्यात पेटवून मोजमाप केलं, तेव्हा वजनाने साधारण ४३ टक्केच वायू निघाला. बाकी सगळा घन पदार्थ. म्हणजे नळीत ओतलेल्या दारूपैकी निम्म्याहून जास्त माल गोळीला ढकलण्याच्या कामाचाच नसतो. त्यातला काही धूर होऊन जातो, उरलेला नळीला चिकटतो. हा मळ हवेतलं पाणी ओढून घेतो. दमट दिवशी तो चिखलासारखा मऊ राहतो, कोरड्या उन्हात करपलेल्या कढईच्या थरासारखा कडक होतो, आणि रात्रभर तसाच ठेवला तर सकाळी नळीत गंज दिसतो. गंमत म्हणजे महागड्या तेलांना दाद न देणारा हा थर साध्या गरम पाण्याने विरघळतो.

नळीत खाचा पाडायची युक्ती पंधराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन भाषक मुलखात आली. सुरुवातीच्या काही नळ्यांतल्या खाचा सरळच आहेत, पीळ नसलेल्या. त्या मळाला जागा मिळावी म्हणून पाडल्या असाव्यात, असं काही जाणकार मानतात. मला ते पटतं, कारण सरळ खाचेचा दुसरा उपयोग सुचत नाही. पीळ आला, गोळी स्वतःभोवती फिरू लागली आणि नेम कुठल्या कुठे गेला. पण खाचांत रुतेल इतकी घट्ट गोळी तोंडातून आत घालायची तर ती ठोकावीच लागणार. ब्रिटिश सैन्याने १८०० साली एझेकिएल बेकरची रायफल घेतली, तेव्हा सुरुवातीला तिच्यासोबत लाकडी हातोड्याही दिल्या होत्या. गुळगुळीत नळीची मस्केट घेतलेला तयार शिपाई मिनिटाला तीन बार काढायचा. रायफलवाल्याचे दोन झाले तरी पुष्कळ.

शिकाऱ्यांनी याच्यावरचा तोडगा आधीच काढला होता. गोळी नळीपेक्षा किंचित लहान ओतायची आणि चरबी चोपडलेल्या कापडाच्या चकतीत बसवून ठासायची. कापड खाचा धरतं, गोळीला फिरवतं, शिवाय खाली जाताना मागच्या बाराचा मळ पुसत नेतं. युरोपात ही युक्ती ठाऊक होती, पण ती रोजच्या सवयीची झाली अठराव्या शतकातल्या पेनसिल्व्हेनियात. तिथे आलेल्या जर्मन कारागिरांनी आपल्या आखूड, जाड नळीच्या येगर रायफलीपासून लांब आणि सडपातळ रायफल घडवली. नळी चाळीस इंचांच्या वर, गोळी लहान, कारण जंगलात शिसं आणि दारू दोन्ही जपून वापरायची. दस्त्याच्या उजव्या अंगाला पितळी झाकणाची छोटी पेटी असते. आज संग्रहालयात लोक त्या झाकणावरची नक्षी बघतात. आतली जागा मात्र चरबीच्या चकत्यांसाठी होती, म्हणजे थेट दुसऱ्या गोळीसाठी.

याच सुमारास मळाची कटकट मुळापासून संपवू पाहणारा एक ब्रिटिश लष्करी अधिकारी होता, पॅट्रिक फर्ग्युसन. त्याने मागून भरायची रायफल बनवली, चापाचं वेढणं फिरवलं की मागचा पेच खाली उतरायचा. १७७६ साली लंडनजवळच्या वूलिचला भर पावसा-वाऱ्यात त्याने मिनिटाला चार ते सहा बार काढून दाखवले. पेचाच्या आट्यांत मळ अडकू नये म्हणून त्यात आडव्या चिरा दिल्या होत्या, तरी तो अडकायचाच. अशा रायफली शंभराच्या आसपासच बनल्या. ७ ऑक्टोबर १७८० रोजी अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातल्या किंग्ज माउंटनच्या लढाईत फर्ग्युसन मेला, तो डोंगरातल्या शिकाऱ्यांच्या ठासणीच्या रायफलींसमोर.

पुढच्या शतकात सुधारणा दोन टोकांनी आल्या. पहिलं टोक ठिणगीचं. चकमकीच्या बंदुकीत आधी बाहेरच्या छोट्या वाटीत रंजक, म्हणजे पेटवणीची दारू, भडकतं, मग नळीच्या कानातून, म्हणजे बारीक भोकातून, आतली दारू. स्कॉटलंडमधला पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ बदकांच्या शिकारीला जायचा आणि रंजकाची चमक दिसताच पाखरं निसटायची. आघात झाला की पेटणारं रसायन वापरून त्याने १८०७ साली पेटंट घेतलं. पुढच्या वीसेक वर्षांत त्यातून ते रसायन भरलेली तांब्याची टोपी आली आणि पावसाळी दिवशी फुसके बार बरेच कमी झाले. लष्करांना ही गोष्ट पटायला वेळ लागला, शिकाऱ्यांना लागला नाही.

दुसरं टोक गोळीचं. फ्रान्समध्ये देल्व्हीन्यने १८२६च्या सुमारास नळीच्या तळाशी अरुंद कप्पा केला. सैल गोळी त्याच्या कडेवर टेकायची आणि गजाचे दोन-चार तडाखे दिले की चपटी होऊन खाचांत भरायची. थूव्हनँने कप्प्याऐवजी मधे खुंटी बसवली. दोन्हींत घाव शिपायाच्या हातचा, त्यामुळे दर गोळीचा आकार वेगळा. १८४९ साली मिनिएने हे काम दारूवरच सोपवलं. गोळी लांबट, बुडाशी पोकळ. भरताना सैल, स्वतःच्या वजनाने जवळजवळ घसरत जाणारी. बार झाला की वायूच्या दाबाने बूड फुलतं आणि खाचा धरतं. अमेरिकेत हार्पर्स फेरीच्या कारखान्यात जेम्स बर्टनने तिच्यातली लोखंडी वाटीही काढून टाकली. आता रायफलवालाही मिनिटाला तीन बार काढू लागला.

पण सैल गोळीलाही वंगण लागतंच, आणि इथे आपल्या ओळखीचा इतिहास येतो. १८५३च्या एन्फिल्ड रायफलीचं काडतूस कागदाचं. त्याचं गोळीकडचं टोक चरबी आणि मेणात बुडवलेलं असायचं, ते मळ मऊ राहावा एवढ्याचसाठी. कवायतीप्रमाणे काडतुसाचं टोक दातांनी फाडायचं होतं. ती चरबी गाईची की डुकराची, या कुजबुजीतून काय पेटलं हे २९ मार्च १८५७ आणि मंगल पांडे या दोन शब्दांत मराठी वाचकाला कळतं. असंतोषाची कारणं अनेक आणि खोल होती, हे खरंच. तरी नळीतल्या मळाची समस्या इतक्या दूरवर क्वचितच पोहोचली असेल. त्याच धामधुमीत गोळ्या नीट ठासल्या जात नाहीत अशी ओरड झाली, तेव्हा इंग्रजांनी गोळीचा व्यास ०.५६८ इंचावरून ०.५५० इंचावर आणला आणि वंगणाला निव्वळ मधमाश्यांचं मेण घेतलं.

गोळी लांबट झाली तसा पिळाचा प्रश्न उभा राहिला. गोल गोळीला सावकाश पीळ पुरतो, ६० किंवा ७० इंचांत एक वेढा. गोळी जितकी लांब, तितका पीळ जलद लागतो. इंग्रज अभियंता जोसेफ व्हिटवर्थने १८५०च्या दशकात षट्कोनी नळीला २० इंचांत एक वेढा दिला, तिथे एन्फिल्डला ७८ इंच लागायचे. विम्बल्डनला १८६० साली नेमबाजीचा पहिला मेळा भरला, तेव्हा घडवंचीवर पक्क्या बसवलेल्या व्हिटवर्थ रायफलीची दोरी राणी व्हिक्टोरियाने ओढली आणि ४०० यार्डांवर गोळी केंद्रापासून सव्वा इंचावर लागली. सैन्याने ती रायफल सरसकट घेतली नाही. महाग होती, आणि बारीक नळी मळाने लवकर तुंबायची. अमेरिकेच्या पश्चिमेला बीव्हर आणि गव्यामागे फिरणाऱ्यांना असल्या नाजूकपणाशी देणंघेणं नव्हतं. सेंट लुईसच्या हॉकेन बंधूंची रायफल आखूड, जड, अष्टकोनी नळीची, अर्ध्या इंचाच्या आसपासच्या गोल गोळीची. एकच बार, पण मोठ्या जनावराला पुरेसा.

मैदानावरच्या नेमबाजांनी वेगळी वाट धरली. मॅसॅच्युसेट्सच्या अल्व्हन क्लार्कने १८४० साली खोट्या तोंडाचं पेटंट घेतलं. नळी तयार करतानाच तिचा इंच-दीड इंचाचा तुकडा कापायचा, खुंट्या बसवून परत त्याच जागी जोडता येईल असा. भरताना तो लावायचा म्हणजे गोळी वाकडी न होता खाचांत शिरते आणि गजाच्या घासण्याने खरं तोंड झिजत नाही. बार काढण्याआधी तो उतरवायचा. हाच क्लार्क नंतर दुर्बिणींकडे वळला, आणि येर्क्स वेधशाळेचं ४० इंची भिंग त्याच्याच घराण्याच्या कारखान्यात घासलं गेलं. केसभर फरक सहन न होणारा माणूस कुठल्याही धंद्यात तसाच राहतो.

सैन्यांपुरता १८६६ला निकाल लागला. प्रशियाच्या मागून भरायच्या बंदुकांनी ऑस्ट्रियाला हरवलं, इंग्रजांनी एन्फिल्डच्या नळ्या मागून कापून तिथून भरण्यासाठी स्नायडर झडपा बसवल्या. पण २६ सप्टेंबर १८७४ रोजी न्यू यॉर्कजवळ क्रीडमूरला आयरिश संघ रिग्बीच्या ठासणीच्या रायफली घेऊन उतरला आणि समोर अमेरिकन संघाकडे मागून भरायच्या रेमिंग्टन आणि शार्प्स. अंतर ८००, ९०० आणि १००० यार्ड. अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१. एका आयरिश नेमबाजाने मधल्या काळात एक सुरेख गोळी बरोबर केंद्रात मारली, पण शेजारच्या फळीवर, गुण शून्य. ते चार गुण धरले तर आयर्लंड एका गुणाने पुढे. आणि अमेरिकेचा शेवटचा बार काढणाऱ्या बोडाइनचा हात नुकताच आल्याच्या पेयाची बाटली फुटून कापला होता, रुमाल बांधून त्याने नेम धरला. जुनी पद्धत नेमात हरली, असं या सामन्यावरून कुणाला म्हणता येणार नाही. ती हरली वेळखाऊपणात.

मग पन्नासेक वर्षं या रायफली कोठारांत आणि पोटमाळ्यांवर पडून राहिल्या. ओहायोतल्या पोर्ट्समथला १९३१ साली काही हौशी जमले, १९३३ला त्यांची राष्ट्रीय संघटना झाली आणि पुढे इंडियानातलं फ्रेंडशिप हे गाव तिचं माहेर बनलं. १९६८च्या अमेरिकी बंदूक कायद्याने जुनी हत्यारं आणि त्यांच्या ठासणीच्या प्रतिकृती नव्या निर्बंधांतून वगळल्या. १९७० साली थॉम्पसन-सेंटर कंपनीने हॉकेनच्या नावाने रायफल बाजारात आणली. तिला ४८ इंचांत एक वेढा होता, गोल गोळीला जरा जलद आणि लांब गोळीला जरा सावकाश. दोन्ही मारता येतात म्हणून खपली. दोन्हींना अगदी हवा तो पीळ मात्र तिच्यात नाही.

दरम्यान राज्याराज्यांनी हरणांसाठी ठासणीचा वेगळा हंगाम सुरू केला. पेनसिल्व्हेनियाने १९७४ला तो चकमकीच्या बंदुकीपुरताच ठेवला. इथून सगळं बदललं, कारण आता इतिहासात रस नसलेला शिकारीही ठासणीची रायफल विकत घेऊ लागला. त्याला थंडी-पावसात हमखास उडणारा एक बार हवा होता आणि घरी आल्यावर कमी साफसफाई. मिझुरीच्या टोनी नाइटने १९८५ला एमके-८५ ही रायफल काढली. टोपी बाजूला न ठेवता नळीच्या सरळ मागे, म्हणून ठिणगी नाकासमोर आत जाते. मागचा पेच काढला की नळीतून आरपार दिसतं. सॅबो म्हणतात त्या प्लॅस्टिकच्या पेल्यातून पिस्तुलाची गोळी, जलद पीळ, पुढे टोपीऐवजी शॉटगनच्या काडतुसाचा २०९ क्रमांकाचा प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी पुडी. दारूही बदलली. काळ्या दारूऐवजी वापरायची पायरोडेक्स १९७६च्या सुमारास आली. ती शोधणारा डॅन पॉलक १९७७ला स्वतःच्याच कारखान्यातल्या स्फोटात गेला. ट्रिपल सेव्हन पाण्याने चटकन धुतली जाते, पण गोळी बसते तिथे कडक कडं धरते. २००८ची ब्लॅकहॉर्न २०९ मधे न पुसता बार काढू देते. नेहमीची धूररहित दारू या नळ्यांत घालून नळी आणि बोटं दोन्ही गमावलेले लोक आहेत, एवढं इथे सांगून ठेवतो.

आज रायफल लावून घेताना जे वाद होतात ते या दोन घराण्यांचेच. शिकाऱ्याचा बार जवळजवळ नेहमी थंड आणि स्वच्छ नळीतून निघतो. म्हणून तो नेम जुळवताना दर गोळीनंतर नळी पुसतो आणि गार होऊ देतो, नाहीतर तिसरी-चौथी गोळी जुळेल आणि जंगलातली पहिली चुकेल. जाण्याआधी तो तेल कोरडं पुसून रिकामी टोपी वाजवतो, म्हणजे कानाची वाट मोकळी आहे हे कळतं. मैदानावरचा माणूस एक बार आधी मातीत घालवतो, नळी मळवून घेतो आणि मग तोच मळ शेवटपर्यंत सारखा राखतो. तितकीच ओली चिंधी, तितक्याच फेऱ्या. त्याला प्लॅस्टिकचा पेला नको असतो, नळी तापली की तो मऊ पडतो. गजावर मात्र दोघेही खूण करतात. खूण तोंडाच्या वर राहिली तर गोळी दारूला टेकलेली नाही, मधे पोकळी आहे, आणि तसाच बार काढला तर नळी फुगते किंवा फाटते.

२०२० साली फेडरल आणि ट्रॅडिशन्स या कंपन्यांनी नवीच जोडी आणली. दारू मोजून भरलेली बंद नळकांडी मागून घालायची, गोळी तेवढी तोंडातून ठासायची. काही राज्यं तिला ठासणीच्या हंगामात घेतात, काही घेत नाहीत. तिच्या नळीत मागच्या बाजूला एक कड ठेवली आहे, गोळी त्या कडेवर टेकते आणि आणखी खाली सरकत नाही. देल्व्हीन्यने १८२६च्या सुमारास केलेलीही कडच होती, फक्त तिच्यावर गजाचे तडाखे द्यावे लागायचे.