कॅन्टोनीज भाषेतील ‘लठ्ठ’ जमीन

हाँगकाँगमधील वर्तमानपत्रात किंवा भूगोलाच्या पुस्तकात सुपीक जमिनीसाठी ‘फेइ-युक’ हा शब्द येतो. शेताच्या बांधावर मात्र ‘ती नै होउ फेइ’, म्हणजे शब्दशः ‘ही माती फार लठ्ठ आहे’, एवढे म्हटले की पुरते. कॅन्टोनीज भाषकांचे औपचारिक लेखन प्रमाण चिनीत होते आणि ते कॅन्टोनीज उच्चारांनी वाचले जाते, त्यामुळे लिहिण्याची व बोलण्याची शब्दसंपत्ती अनेकदा वेगळी पडते. येथे गंमत अशी की दोन्हींचे मूळ एकच आहे: लेखी भाषा ‘फेइ’ला त्याच अर्थाच्या ‘युक’ची जोड देऊन भारदस्त जोडशब्द घडवते, तर बोली एकट्या ‘फेइ’वर भागवते.

हा ‘फेइ’ म्हणजे चरबी असलेला, लठ्ठ. उत्तरेकडील मँडरिनमध्ये लठ्ठ माणसासाठी सहसा वेगळा शब्द वापरतात. कॅन्टोनीजमध्ये मात्र माणूस, मांस आणि माती या तिन्हींना हेच विशेषण चालते. याउलट ‘सौ’ म्हणजे रोड: खाटकाकडचे बिनचरबीचे मांस ‘सौ’ आणि नापीक शेतही ‘सौ’. खताला ‘फेइ-लिउ’ म्हणतात, म्हणजे जमिनीला लठ्ठ करणारे द्रव्य. दक्षिण चीनमधील पर्ल नदीच्या त्रिभुज प्रदेशात ही कल्पना प्रत्यक्षात उतरली होती. तेथे तुतीच्या पानांवर रेशीमकिडे पोसले जात, त्यांची विष्ठा तळ्यातील माशांना मिळे आणि तळ्याच्या तळाचा सेंद्रिय गाळ उपसून पुन्हा तुतीच्या बांधावर टाकला जाई.

ग्रांथिक भाषेत सुपीक जमिनीसाठी ‘कोउ-यू’ हाही शब्द आहे. त्याच्या दोन्ही अक्षरांचा मूळ अर्थ चरबीच, त्यामुळे पांडित्य आणि बोली शेवटी एकाच उपमेपाशी येऊन थांबतात. (आपल्या ‘मेदिनी’ची व्युत्पत्तीही परंपरेने ‘मेद’ शब्दापासूनच सांगितली जाते.)

उच्चारही असेच दुहेरी असतात. नांगरण्याच्या क्रियापदाचा ग्रांथिक उच्चार ऱ्हस्व ‘कंग’, तर बोलीतील दीर्घ ‘कांग’. भांडण्याच्या क्रियापदाचे ‘चंग’ आणि ‘चांग’, त्यातला ‘च’ आपल्या ‘चमच्या’तला. रोड शेत कोणी नांगरत नाही, नांगरले की भांडायला सगळे येतात, या अर्थाच्या प्रसिद्ध कॅन्टोनीज म्हणीत हीच दोन क्रियापदे यमक जुळवतात, आणि त्या म्हणीतले शेत अर्थातच ‘सौ’ असते.